ओटल्याची सुनावणी

श्रीनाथराव टोकेकरांना सरकारशी भांडायची हौस होती असं माधव नगरात कोणी म्हणत असेल, तर ते साफ खोटं आहे. चौतीस वर्षं ते स्वतःच सरकार होते. म्हणजे हेडक्लार्क होते. हेडक्लार्क आणि सरकार यांत काही फरक असतो हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं, आणि तेही एका ओटल्यामुळे.

ओटला म्हणजे घरापुढचा बसायचा ओटा. उज्जैनात ज्याच्या घराला ओटला नाही त्याला गल्लीतल्या बातम्या दोन दिवस उशिरा कळतात. टोकेकरांच्या घराला तो नव्हता आणि इतकी वर्षं त्यावाचून काही अडलंही नव्हतं, कारण श्रीनाथरावांना ऐकण्यापेक्षा सांगण्याची आवड जास्त. पण गेल्या वर्षी अक्का त्यांच्याकडे कायमची राहायला आली. अक्का ही त्यांची थोरली बहीण. शाजापूरला मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, लग्न केलं नाही, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. शाजापुरात संध्याकाळी अर्धं गाव तिच्या दारावरून जायचं आणि थांबून बोलायचं. इथे ती आतल्या खोलीत खिडकीशी बसे, आणि त्या खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसे. काळी टाकी, त्यावर पांढरी अक्षरं. ती अक्षरं अक्काला पाठ झाली होती.

एके दिवशी ती म्हणाली, "नाथा, रस्ता दिसेल असं कुठे तरी बसायला हवं रे मला. माणसं दिसली की बरं वाटतं. तसं मला तर त्या..."

"झालं समज," श्रीनाथराव म्हणाले आणि गवंड्याला फोन लावायला उठले.

समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यातलं तात्पर्य काढणं ही त्यांची नोकरीतली ख्याती होती. साहेबांकडे आलेला माणूस "सर, मेरी समस्या यह है" इतकं म्हणेपर्यंत श्रीनाथराव त्याच्या अर्जाच्या कोपऱ्यात शेरा मारून मोकळे झालेले असत.

ओटला मात्र त्यांनी मनापासून बांधवला, हे कबूल केलं पाहिजे. फाटकाच्या डाव्या अंगाला, थेट मोठ्या रस्त्याकडे तोंड करून, साडेतीन फूट लांब. वर कोटा फरशी. अक्काच्या लुगड्याचा काठ अडकू नये म्हणून फरशीच्या कडा दोनदा घासून गोल करवल्या आणि स्वतः गालावर बोट फिरवावं तसं त्या कडांवरून बोट फिरवून पाहिलं. गवंडी एकदा म्हणाला, "बाबूजी, नाली पे आ रहा है." आला होता खरा, गटारावर नऊ इंच. श्रीनाथरावांनी त्याला सांगितलं की नऊ इंचांनी उज्जैनचं पाणी तुंबत नाही.

अक्का त्या ओटल्यावर अकरा दिवस बसली. तोंडासमोर पेपर उभा धरून बसायची. तिचं वाचन अजून किती दांडगं आहे याचं श्रीनाथरावांना मोठं कौतुक वाटे.

बाराव्या दिवशी नोटीस आली. सिंहस्थ जवळ आला होता आणि शहर सजवण्यासाठी 'नगर शोभा प्राधिकरण' नावाची एक नवी व्यवस्था उभी राहिली होती. त्यांच्या कायद्याच्या कलम सतरामध्ये लिहिलं होतं की सक्षम अधिकाऱ्याच्या मते जे रस्त्याच्या शोभेला बाधक असेल ते त्याला हटवता येईल. सक्षम अधिकाऱ्याच्या मते श्रीनाथरावांचा ओटला बाधक होता. सात दिवसांत म्हणणं मांडा, असं त्यात होतं.

श्रीनाथरावांनी चौदा पानी म्हणणं मांडलं. हिंदीत, मुद्देसूद, चार परिशिष्टांसह. परिशिष्ट तीन म्हणजे अक्काच्या गुडघ्यांचा एक्स-रे. ते घेऊन स्वतः गेले तर आवक खिडकीवरच्या बाबूने ते परत केलं, कारण वर 'सक्षम प्राधिकारी महोदय' असं लिहिलं होतं आणि त्या नावाचं पद आमच्याकडे मंजूर नाही, असं त्याचं म्हणणं. ह्याच कारणावरून आपण स्वतः शेकड्यांनी अर्ज परत केलेत हे श्रीनाथरावांना आठवलं, आणि बाबूबद्दल किंचित आदरही वाटला. दुसऱ्या दिवशी नाव बदलून नेलं. तिसऱ्या दिवशी पानांवर क्रमांक नव्हते. चौथ्या दिवशी क्रमांक होते पण बाबू नव्हता. पाचव्या दिवशी एकदाचा शिक्का बसला.

तेरा दिवसांनी आदेश आला. तो त्यांच्या हातात नाही दिला, सरळ ओटल्याच्या फरशीवर चिकटवला. श्रीनाथराव गुडघे टेकून वाचू लागले, आणि दुसऱ्या परिच्छेदाशी आल्यावर त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला.

'संबंधित को सोमवार के दिन व्यक्तिगत रूप से धैर्यपूर्वक सुना गया. प्रस्तुत तथ्यों पर सहानुभूतिपूर्वक विचार किया गया. तर्क समाधानकारक नहीं पाए गए.'

हा परिच्छेद त्यांचा होता. त्र्याण्णव साली त्यांनीच तो स्थापना शाखेत बसून रचला होता. 'धैर्यपूर्वक' हा शब्द तर खास त्यांचा. साहेबांना तो इतका आवडला की पुढे प्रत्येक आदेशात तोच जाऊ लागला, साहेब बदलून गेले तर जाताना घेऊन जाऊ लागले, आणि असा खात्याखात्यांतून फिरत फिरत तो परिच्छेद आज माधव नगरात जन्मदात्याच्या दारी आला होता. सोमवारही त्यांचाच. अर्जदाराला कधी ऐकलं हे लिहायला एक वार तर हवा, म्हणून त्यांनी सोमवार घातला होता. अक्षर छपाईचं होतं, तरी त्यांना आपलं हस्ताक्षर दिसल्यासारखं वाटलं.

मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कोणी ऐकलेलंच नाही.

आणि त्यातून तो सोमवार, तारखेसकट. त्या सोमवारी महाकाळाची शाही सवारी होती. उत्तरेकडचा श्रावण संपला तरी आपला अर्धा उरलेला असतो, म्हणून सवारी त्यांच्या भाद्रपदापर्यंत चालते, आणि शेवटच्या सवारीला सगळ्या शहराला सुट्टी. प्राधिकरणाच्या दाराला कुलूप होतं. श्रीनाथराव दुपारपासून प्रतिभाताईंच्या, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींच्या, मामेभावाच्या गच्चीवर पालखीची वाट पाहत उभे होते. तिथे त्यांना धैर्यपूर्वक ऐकणारं कोणीच नव्हतं. मामेभावाने तर ढोल-झांजांच्या आवाजात त्यांची तीन वाक्यं फुकट घालवली होती.

बातमी ओटल्यावरून पसरली, कारण आदेश ओटल्यावरच होता. शेजारचे सुहासभाऊ सर्वांत आधी आले. ते वीज मंडळातून निवृत्त. त्यांच्यावर कधी कुठला खटला झालेला नाही, पण एका चुलत साडूवर झाला होता, त्यामुळे कायद्याचं अंग त्यांना होतं. ते म्हणाले, "काका, टेंशनच नका घेऊ न. एक गोल दगड आणा, शेंदूर लावा, ओटल्यावर ठेवून द्या. कोणाची हिंमत आहे मग?" श्रीनाथरावांनी विचारलं की मग अक्का बसेल कुठे. हा मुद्दा सुहासभाऊंच्या योजनेत नव्हता. तिसऱ्या घरातल्या सुमीतने मोबाइलवरून तक्रार नोंदवायची सोय दाखवली. तक्रार नोंदली गेली आणि पंधरा मिनिटांत 'आपली पथदिव्याची समस्या सोडवण्यात आली आहे' असा निरोप आला. प्रतिभाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, नऊ इंच आत घ्या न तो ओटला. संपलं."

"प्रश्न नऊ इंचांचा नाही," श्रीनाथराव म्हणाले.

"मग कशाचा आहे?"

प्रश्न तत्त्वाचा होता. अक्का दारात काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "नाथा, मला विचारशील तर..."

"अक्का, तू अगदी निश्चिंत राहा. तुझ्यासाठीच लढतोय मी," श्रीनाथराव म्हणाले, आणि इंदूरच्या बसची वेळ पाहायला लागले.

इंदूरला प्रतिभाताईंची भाची मृणाल हायकोर्टात वकिली करत होती. श्रीनाथराव तिच्याकडे चौदा पानं, एक्स-रे, आणि गोल कडेचा अंदाज यावा म्हणून कोटा फरशीचा उरलेला तुकडा पिशवीतून घेऊन गेले. मृणालने तुकडा बाजूला ठेवला आणि आदेश वाचला.

"काका, कोर्ट तुमचा ओटला नाही बघणार," ती म्हणाली. "ओटला चांगला का वाईट, राहावा का जावा, ते ठरवायचा अधिकार कायद्याने त्या साहेबांना दिला आहे. कोर्ट एवढंच बघतं की तो अधिकार त्यांनी वापरला कसा. तुमचं ऐकलं का, डोकं लावलं का, कारणं दिली का."

"म्हणजे ओटला जिंकणार."

"ओटला नाही, काका. तुमचं ऐकून घेतलं जाणं जिंकेल. नंतर ते ऐकतील आणि तोच आदेश पुन्हा काढतील, असंही होऊ शकतं."

श्रीनाथरावांनी यातलं तात्पर्य आधीच काढलेलं असल्यामुळे पुढचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. याचिका दाखल झाली. पहिल्याच तारखेला न्यायालयाने पुढच्या सुनावणीपर्यंत यथास्थिती ठेवायला सांगितलं, म्हणजे जे जसं आहे ते तसंच राहू द्यायचं.

इथून खरा घोळ सुरू झाला. प्राधिकरणाला ओटला पाडू नका असं सांगण्यासाठी न्यायालयाने जे म्हटलं, ते चौतीस वर्षांच्या हेडक्लार्कने शब्दशः घेतलं. घरी आल्या आल्या त्यांनी ओटल्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. त्या वेळी ओटल्यावर सुहासभाऊंच्या घरची एक चिरलेली निळी बादली उपडी घातलेली होती आणि तिच्याशेजारी एक तपकिरी कुत्रा झोपला होता. फोटोत दोघंही आले, म्हणून यथास्थितीतही आले. दुसऱ्या दिवशी सुहासभाऊ बादली न्यायला आले तर श्रीनाथरावांनी त्यांना अडवलं. बादली हलली तर प्राधिकरण न्यायालयाचा अवमान झाला म्हणेल. सुहासभाऊ म्हणाले, "अहो, पण बादली माझी आहे न." श्रीनाथरावांनी मालकीचा वाद वेगळा आहे असं सांगितलं. सुहासभाऊ तीन आठवडे बोलले नाहीत, आणि त्यांच्याकडे गाडी धुवायला पातेलं वापरू लागले.

कुत्र्याला कोणी हाकललं नाही, तेव्हा तो तिथेच राहायला आला. गल्लीने त्याचं नाव स्टे ठेवलं.

आणि अक्का? नोटीस आल्यापासून ती तिथे बसली नव्हती, आणि फोटो काढले त्या दिवशी तर तिला सर्दी होती, ती आत पडून होती. म्हणजे आदेशाच्या तारखेला ओटल्यावर अक्का नव्हती. श्रीनाथरावांनी तिला फार प्रेमाने समजावलं की आता काही दिवस तिथे बसू नकोस. बसलं तर चालेल का हे मृणालला एका फोनवर विचारता आलं असतं. पण जे आपल्याला ठाऊक आहे ते विचारायचं कशाला?

अक्का म्हणाली, "माझं काही नाही रे. मी तर तुला सांगत होते की तो ओटला..."

"थोडेच दिवस, अक्का. मग हक्काने बसशील."

ते थोडे दिवस पाच महिने चालले. अक्का आतल्या खोलीत पाण्याच्या टाकीकडे बघत बसली, आणि तिच्यासाठी बांधलेल्या ओटल्यावर स्टे उन्हात पाय ताणून झोपला. प्रतिभाताईंनी एक-दोनदा विषय काढला, मग सोडून दिला. तारखांमागून तारखा पडल्या. श्रीनाथराव रोज सकाळी बादली जागेवर आहे ना ते बघून यायचे आणि वहीत तशी नोंद करायचे.

शेवटची सुनावणी सात मिनिटं चालली. चौदा पानांना सात मिनिटं म्हणजे पानाला अर्धंच मिनिट, हा हिशेब श्रीनाथरावांच्या मनाला लागला. न्यायमूर्तींनी प्राधिकरणाच्या वकिलांना एकच गोष्ट विचारली: त्या सोमवारी तुमचं कार्यालय उघडं होतं का. वकील सज्जन होते. त्यांनी सांगितलं की शाही सवारीची स्थानिक सुट्टी होती. प्रकरण तिथेच संपलं होतं. पण श्रीनाथरावांनी मृणालचं न ऐकता शपथपत्रात एक ओळ घालायला लावली होती की वादग्रस्त परिच्छेद हा साचेबंद असून तो याचिकाकर्त्यानेच त्र्याण्णव साली तयार केलेला आहे. न्यायमूर्तींनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"तो आप जब यह लिखते थे, तब किसी को सुनते थे?"

प्रश्न सौम्य आवाजात होता. श्रीनाथराव उभे राहिले. "साहब सुनते होंगे," ते म्हणाले. मागच्या बाकांवरून थोडं हसू आलं. श्रीनाथरावांचे कान लाल झाले आणि ते बसले. आदेश रद्द झाला. प्राधिकरणाने जागेवर जाऊन याचिकाकर्त्याचं आणि सर्व संबंधितांचं म्हणणं ऐकावं आणि कारणांसह नव्याने निर्णय द्यावा, असं न्यायालयाने सांगितलं.

माधव नगरात विजय साजरा झाला. पोहे-जिलेबी झाली. बादली मुक्त झाली म्हणून सुहासभाऊही आले. फक्त अक्काने विचारलं, "म्हणजे ओटला राहिला का?" श्रीनाथरावांनी सांगितलं की तो प्रश्न वेगळा आहे, आता ते ऐकणार आहेत. "कोणाचं?" अक्काने विचारलं. "माझं," श्रीनाथराव म्हणाले.

सक्षम अधिकारी परमार साहेब ठरल्या दिवशी चार वाजता आले. तरुण माणूस, हायकोर्टाचा चटका बसलेला. त्यांनी मोजायची टेप आणली होती, टंकलेखक आणला होता, आणि ऐकायचंच असं ठरवून आले होते. फाटकाशी खुर्च्या मांडल्या. श्रीनाथरावांनी चौदा पानं वाचायला घेतली. साहेब मध्ये बोलले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही, एकदा फक्त पाणी मागितलं. श्रीनाथरावांना इतकं पूर्ण कोणी कधी ऐकलं नव्हतं. आणि गंमत अशी की सहाव्या पानापासून त्यांचं त्यांनाच ते ऐकवेना. कोणी तोडत नाही म्हटल्यावर प्रत्येक मुद्द्याचा पोकळपणा त्यांच्याच कानावर येऊ लागला. नाली नाली होती. नऊ इंच नऊ इंच होते.

वाचन संपलं तेव्हा सूर्य रस्त्याच्या टोकाला आला होता. साहेबांनी कपाळावर हात आडवा धरला. मग न्यायालयाचा कागद पाहून म्हणाले, "सभी संबंधित पक्ष लिखा है. माताजी, यहाँ आप ही बैठती हैं ना?"

अक्का दारातल्या खुर्चीत बसली होती. "पाँच महीने से तो कुत्ता बैठता है," ती म्हणाली.

"और उसके पहले?"

"ग्यारह दिन मैं बैठी थी."

"अच्छा लगता था?"

अक्काने श्रीनाथरावांकडे पाहिलं. जन्मभर मुलींना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई. तिला दुसरं येत नव्हतं. "नहीं, बेटा. मोतियाबिंद का ऑपरेशन हुआ है मेरा. शाम को सूरज यहाँ सीधा आँखों में आता है. पेपर की आड़ करके बैठती थी. और इस सड़क पर कोई रुकता कहाँ है, सब गाड़ियाँ. मुझे तो उधर गली वाले छोटे फाटक के पास बैठना था, अंदर ही, रसोई की खिड़की के नीचे. छाया रहती है. प्रतिभा से बोल सकती हूँ. कोचिंग की लड़कियाँ उधर से ही निकलती हैं."

"तो आपने भाई साहब को बताया नहीं?"

"तीन बार बताने लगी थी," अक्का म्हणाली.

टंकलेखकाने तेही टंकलं. श्रीनाथरावांना लाज वाटली. हायकोर्टात वाटली होती ती अपमानाची होती, ही वेगळी होती. समोर उभा धरलेला पेपर त्यांना आठवला, आणि आपण त्या वाचनाचं चारचौघांत केलेलं कौतुक. संबंधिताला सुनावणीची संधी न देता त्यांनी तिच्या नावाने ओटला बांधला होता, त्यावर तिलाच बसायची मनाई केली होती आणि इंदूरपर्यंत जाऊन न्याय मागितला होता.

दहा दिवसांनी नवा आदेश आला, सहा पानी. प्रत्येक मुद्दा घेतलेला, प्रत्येकाला कारण दिलेलं. नालीवरचा ओटला काढावा. आवाराच्या आत, गल्लीच्या बाजूला बसायची जागा करायला प्राधिकरणाच्या परवानगीची गरज नाही. 'धैर्यपूर्वक' कुठेच नव्हतं. श्रीनाथरावांनी दोनदा वाचून मृणालला फोन केला की याला आव्हान देता येणार नाही. मृणाल म्हणाली, "तेच तर मी पहिल्या दिवशी सांगत होते, काका." श्रीनाथरावांनी विचारलं, नेमकं काय सांगत होतीस, आणि ती पुरं सांगेपर्यंत फोन कानाला धरून उभे राहिले.

मग ते अक्काच्या खोलीत गेले आणि टाकीच्या खिडकीशी स्टूल ओढून बसले. "अक्का, त्या दिवशी काय म्हणत होतीस? पहिल्यापासून सांग." अक्काला सांगायला बराच वेळ लागला. त्यात शाजापूर आलं, शाळेतला घंटा वाजवणारा आला, दोन विद्यार्थिनींची लग्नं आली, आणि शेवटी ओटल्याची उंची आली, दोन इंच कमी हवी म्हणून. श्रीनाथराव एकदाच मध्ये बोलले, आणि लगेच म्हणाले, "हं, तू सांग."

गवंड्याने जुनी फरशी न फोडता उचलली आणि गल्लीच्या फाटकाआत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसवली. पहिल्या संध्याकाळी अक्का तिथे बसली. स्टे पाठोपाठ आला आणि तिच्या पायाशी पसरला. कोचिंगच्या तीन मुली फाटकाशी थांबल्या. त्यांतली एक निहारिका अक्काला शाळेचं नाव विचारू लागली. प्रतिभाताई खिडकीतून मध्येमध्ये बोलत होत्या. तेवढ्यात सुहासभाऊ बादली घेऊन चालले होते, त्यांना गाठून श्रीनाथराव फाटकातच उभे राहिले आणि नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणजे काय ते त्यांना मुळापासून समजावू लागले.

"नाथा, जरा बाजूला हो," अक्का म्हणाली. "रस्ता दिसत नाही."

श्रीनाथरावांनी वाक्य अर्धं सोडलं आणि बाजूला झाले.